तीन भेटी झाल्या, माणूस पटला, पण 'केमिस्ट्री' जाणवली नाही. ती लग्नानंतर येते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही पाहता येईल. तुम्ही 28 वर्षांच्या, पुण्यात नोकरी करता. विवाह मंडळाकडून आलेल्या एका मुलाला तीनदा भेटलात. एकदा घरी सगळ्यांसमोर, दोनदा बाहेर कॉफीला. मुलगा सरळ आहे, सांगितलेल्या वेळेला फोन करतो, तुम्ही आवडलात हे त्याने स्पष्ट सांगितलंय. पैसा, आईवडील, मुलंबाळं या सगळ्यांबद्दल विचार जुळतात. पण कॉलेजात चार वर्षं जे अधूनमधून तुटत-जुळत चाललं होतं, त्यात जी धडधड व्हायची, झोप उडायची, तसं इथे काहीच होत नाही. घरच्यांना दिवाळीच्या आत उत्तर हवंय. हे सगळं हार्मोन्सचं काम असेल तर ते आधीच ठरलेलं असतं का, की नंतरही येऊ शकतं, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की चिंतेच्या त्रासासाठी वर्षभर एस्सिटॅलोप्रॅम 10 मिलिग्रॅम सुरू आहे.

ती शेवटची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येते, पण आधीचं थोडं समजल्याशिवाय तिचं महत्त्व कळणार नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. लग्न ठरवायच्या टप्प्यावरची मुलंमुली माझ्याकडे येतात आणि लग्नाला काही वर्षं झालेली जोडपीही येतात, त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोकं मला दिसतात. माझं मत आधीच सांगते. तीन भेटींत काही न वाटणं, यावरून पुढचं काहीही सांगता येत नाही. 'काही वाटलं नाही' आणि 'नकोसं वाटलं' या मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. तुमच्या लिहिण्यात नकोसं वाटल्याचा सूर मला दिसला नाही. काही न वाटण्याची कारणं त्या माणसात असू शकतात, भेटींच्या पद्धतीत असू शकतात, तुमच्या जुन्या अनुभवात असू शकतात आणि गोळीतही असू शकतात. तुमच्या बाबतीत यातलं काय आहे ते शोधल्याशिवाय होकार देणं घाईचं आणि नकार देणंही घाईचं.

आता शरीरात काय होतं ते बघू. प्रेम नावाची एकच यंत्रणा आपल्यात नाही. हेलन फिशर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तीन यंत्रणा वेगळ्या धरल्या आणि रोजच्या कामात मला ती विभागणी फार उपयोगी पडते. पहिली कामेच्छा. तिच्यामागे टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन आहेत आणि तिला एकच माणूस लागतो असं नाही. दुसरी ओढ. तिच्यात मन एकाच माणसावर खिळतं, दुसरं काही सुचत नाही. तिथे मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन या रसायनांचं काम मोठं. तिसरा जिव्हाळा, म्हणजे माणूस जवळ असला की येणारा निवांतपणा आणि तो नसला की लागणारी चुटपुट. त्यात ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही हार्मोन्स येतात. तिन्ही एकमेकांत मिसळतात, पण त्या एकदम येतील किंवा ठरावीक क्रमाने येतील असा नियम नाही. कुणाला ओढ आधी लागते आणि जिव्हाळा मागून येतो, कुणाचं बरोबर उलटं होतं. तुम्ही जिला केमिस्ट्री म्हणता आहात ती यातली दुसरी, ओढ.

या ओढीचा मेंदूतला ठावठिकाणा बऱ्यापैकी माहीत आहे. फिशर, आर्थर एरन आणि लूसी ब्राउन यांच्या गटाने 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्याने आणि पार बुडून प्रेमात पडलेल्या 17 जणांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि आळीपाळीने प्रेमाच्या माणसाचा आणि नुसत्या ओळखीच्या माणसाचा फोटो दाखवला. प्रेमाचा माणूस समोर आला की मध्यमेंदूतला व्हीटीए नावाचा छोटासा भाग कामाला लागायचा. डोपामिन बनवणाऱ्या पेशी तिथेच असतात. हवीशी गोष्ट मिळवायला माणसाला उठवून कामाला लावणारी जी व्यवस्था आहे, तिचा हा उगम. म्हणून ओढ ही निव्वळ भावना असते असं मला वाटत नाही. तिच्यात तहानेसारखं काहीतरी असतं, आणि प्रेमभंग झालेला माणूस व्यसन सुटलेल्या माणसासारखा का तळमळतो तेही यातून कळतं.

दुसरा अभ्यास इटलीतल्या पिसा विद्यापीठाचा, 1999 चा. डोनातेला मारात्सिती यांनी नुकतेच प्रेमात पडलेले 20 जण, मंत्रचळाचे (ओसीडीचे, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजाराचे) 20 रुग्ण आणि 20 सर्वसाधारण माणसं यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स तपासल्या. सेरोटोनिन हे मेंदूतलं आणखी एक रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण पहिल्या दोन्ही गटांत सारखंच खाली आलेलं होतं. प्रेमात पडलेल्यांपैकी काहींना 12 ते 18 महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ते पूर्ववत झालं होतं. माणसं मोजकी होती, तेव्हा यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण सतत त्याच माणसाचा विचार, पुन्हा पुन्हा फोन बघणं, एकच वाक्य दहादा आठवणं, याचं मंत्रचळाशी असलेलं साम्य मला रुग्णांमध्ये स्पष्ट दिसतं. ही अवस्था कायम टिकण्यासाठी नसते, हेही दिसतं.

आता तुमच्या कॉलेजच्या अनुभवाकडे येते, कारण तुम्ही आजचा माणूस त्या मापाने मोजता आहात.

डोपामिनच्या पेशी सुखाला प्रतिसाद देतात असा सर्वसाधारण समज आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात चेततात. रसाच्या आधी दरवेळी दिवा लागायला लागला की माकड शिकतं आणि मग पेशी दिव्यालाच चेततात. रस ठरल्याप्रमाणे आला तर त्या वेळी काहीच विशेष होत नाही. दिवा लागूनही रस आला नाही तर त्यांचं काम एकदम मंदावतं. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्षातला फरक मोजत असतात. मिळेल की नाही याचा भरवसा नसला की त्या सतत जाग्या राहतात.

हेच माणसांत पाहिलं गेलंय. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगात 47 विद्यार्थिनींना काही मुलांची फेसबुक प्रोफाइल्स दाखवली. काहींना सांगितलं, या मुलांना तू खूप आवडलीस. काहींना सांगितलं, साधारण आवडलीस. काहींना काहीच नक्की सांगितलं नाही. सर्वांत जास्त भुरळ पडली ती या तिसऱ्या गटाला, आणि तीच मुलं त्यांच्या मनात जास्त घोळत राहिली.

तुटत-जुळत चाललेल्या चार वर्षांत तुमच्या मेंदूने हेच शिकलं असण्याची शक्यता मोठी आहे. तो आज बोलेल का, का बोलला नाही, मेसेज वाचूनही उत्तर का आलं नाही. माझ्याकडे एक मुलगी यायची, तिची गोष्ट ओळख पटणार नाही इतकी बदलून सांगते. ती बसली की फोन माझ्या टेबलावर उलटा ठेवायची आणि तो थरथरला की तिचा गळा लाल व्हायचा. 'याच्याशिवाय मला कुणाबद्दल असं वाटतच नाही' हे तिचं ठाम म्हणणं. मी तिला एक वही करायला सांगितली. धडधड झाली की वेळ लिहायची आणि त्या क्षणी तो कुठे होता तेही लिहायचं. काही आठवड्यांनी आम्ही ती वही उघडली. जवळपास सगळ्या नोंदी तो समोर नसतानाच्या होत्या. रात्री उत्तर आलं नाही, सकाळी ऑनलाइन दिसला पण बोलला नाही. दोघं खरोखर एकत्र होते त्या दिवसांपुढे तिने लिहिलं होतं, 'थकले', 'लवकर घरी आले'. प्रेम म्हणून ती जे जपत होती त्यात भीतीचा वाटा केवढा होता ते तिने स्वतःच्या अक्षरात वाचलं. तुमचं असंच होतं असा माझा दावा नाही. तुमची चार वर्षं तुम्हालाच माहीत. पण तुम्ही अशी वही मनातल्या मनात उघडून बघावी असं मला कळकळीने वाटतं.

शरीराची धडधड कशामुळे होते आहे हे मनाला दरवेळी नीट कळत नाही, याचा एक गाजलेला प्रयोग आहे. 1974 मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर एरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर तो केला. पूल 450 फूट लांब आणि खाली 230 फूट खोल दरी. पुलावरून जाणाऱ्या पुरुषांना एक तरुणी थांबवून प्रश्नावली भरून घ्यायची आणि नंतर काही विचारायचं असेल तर म्हणून आपला फोन नंबर द्यायची. नंबर घेणाऱ्या 18 पैकी 9 जणांनी फोन केला. जवळच्याच भक्कम, बुटक्या पुलावर हेच केलं तेव्हा 16 पैकी फक्त दोघांनी. पुलाने छाती धडधडली आणि श्रेय तरुणीला मिळालं. चिंतेचा स्वभाव असलेल्या माणसाच्या आत असा पूल कायमच हलत असतो. कॉलेजच्या वयात, औषध नसताना, तुमच्या धडधडीतला किती भाग त्या मुलाचा होता आणि किती तुमच्या चिंतेचा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता भेटींबद्दल. पाहण्याचा कार्यक्रम ही ओढ लागण्यासाठी अगदी गैरसोयीची जागा आहे. हातात पोह्यांची ताटली, समोर भावी सासूबाई, स्वयंपाकघराच्या दारातून काकू बघतेय, आणि मग 'तुम्ही दोघं जरा गच्चीवर जाऊन बोला' म्हणून वीस मिनिटं. अशा वेळी शरीर सावध असतं. तोंड कोरडं पडतं, हात गार पडतात, आपण काय बोलतोय यावरच सगळं लक्ष. नंतरच्या कॉफीच्या भेटींतही दोघं एकमेकांना तपासतच असतात. नोकरी, पगार, शाकाहारी की मांसाहारी, आईवडील सोबत राहणार का. हे प्रश्न विचारायलाच हवेत, त्यांना पर्याय नाही. पण दुसऱ्याला तपासत असताना त्याच्याकडे ओढलं जाणं बहुतेकांना जमत नाही.

कागदावरच्या माहितीवरून कोणाला कोणाबद्दल विशेष ओढ वाटेल हे सांगता येतं का, याचीही परीक्षा झाली आहे. समँथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही मिनिटांच्या भेटी ठरवलेल्या तरुण-तरुणींकडून आधीच शंभराहून अधिक मुद्द्यांवर माहिती भरून घेतली होती आणि ती संगणकाला शिकवली होती. कोण एकूणच सगळ्यांना आवडेल याचा थोडा अंदाज संगणकाला आला. अमक्याला नेमकी अमकीच का आवडेल, हे त्याला अजिबात सांगता आलं नाही. तेव्हा 'आधीच ठरलेलं असतं का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की भेटण्याआधी तरी ते कुठेही लिहिलेलं सापडत नाही. ते दोघांच्या मध्ये, प्रत्यक्ष वावरताना घडतं.

आणि त्याला वेळ लागतो. पिट्सबर्ग विद्यापीठात 1992 मध्ये मोरलंड आणि बीच यांनी चार मुलींना एका मोठ्या वर्गात नुसतं येऊन बसायला सांगितलं. एक 15 तासांना बसली, दुसरी 10, तिसरी 5, चौथी एकाही तासाला गेली नाही. कुणाशी बोलायचं नाही अशी अट होती. सत्राच्या शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा दिसली होती ती जास्त आवडली. सवयीच्या चेहऱ्यापाशी मन सैल होतं. कॅनडा आणि अमेरिकेतल्या सुमारे 1,900 जणांच्या माहितीवर आधारलेला 2021 चा एक अभ्यास सांगतो की जवळपास दोन तृतीयांश जोडपी आधी मित्र होती. तिथे, जिथे सगळे स्वतः जोडीदार निवडतात, तिथेही पहिल्या नजरेची गोष्ट कमी जणांची. मात्र सहवासाची एक बाजू सांगायलाच हवी. सुरुवातीला जे नकोसं वाटतं ते पुन्हा पुन्हा समोर आल्याने हवंसं होत नाही, उलट नावड घट्ट होते. तटस्थ असेल तरच सहवास मदत करतो.

म्हणूनच नकोसं वाटण्याकडे मी फार गांभीर्याने बघते, आणि तिथे वासाचा विषय येतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात 1995 मध्ये क्लाउस वेडेकिंड यांनी 44 पुरुषांना दोन रात्री तोच टीशर्ट घालून झोपायला लावलं आणि 49 स्त्रियांना ते टीशर्ट हुंगायला दिले. ज्यांची प्रतिकारशक्तीची जनुकं आपल्यापेक्षा वेगळी, त्यांचा वास स्त्रियांना जास्त बरा वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये उलट कल दिसला. यावर पुढे बरेच अभ्यास झाले आणि ते एका दिशेने बोलत नाहीत, तेव्हा जनुकं बघून जोडीदार निवडायचा खर्च कुणी करू नये. माणसातला एकही फेरोमोन (दुसऱ्याला खुणावणारं शरीरातलं गंधरसायन) आजवर सिद्ध झालेला नाही. इतर प्राण्यांत ज्या इंद्रियाने तो ओळखला जातो ते आपल्यात निकामी आहे. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या अत्तरांवर पैसे घालवू नका.

पण रोजच्या जगण्यात वास खरोखर महत्त्वाचा असतो. लग्नानंतर 'त्यांच्या जवळ जाववत नाही' म्हणून आलेल्या एका बाईंशी बोलताना लक्षात आलं की त्रास नवऱ्याच्या तोंडाच्या वासाचा होता. हिरड्यांचा आजार होता, दंतवैद्याकडे पाठवलं आणि गोष्ट सुटली. दुसरीकडे अशाही स्त्रिया येतात, ज्यांचं अंग स्पर्शाच्या कल्पनेनेच आक्रसतं, आणि तसं त्यांना साखरपुड्याच्या आधीपासून वाटत असतं. त्यांना घरातल्या मोठ्या माणसांनी 'होतं गं सगळं नंतर' असं सांगितलेलं असतं. तिथे नंतर काही होत नाही. शरीराने इतकं स्पष्ट सांगितलेलं ऐकायला हवं होतं.

आता जिव्हाळा. यावरचं बरंच ज्ञान अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या एका उंदरासारख्या प्राण्याकडून आलंय. त्याला प्रेअरी व्होल म्हणतात. सस्तन प्राण्यांत जोडी करून राहणारे फार थोडे, तीन ते पाच टक्के, त्यातला हा एक. प्रयोग साधा असतो. तीन कप्प्यांची पेटी, एका कप्प्यात जोडीदार दोरीने बांधलेला, दुसऱ्यात अनोळखी प्राणी तसाच बांधलेला, आणि मधल्या कप्प्यात ज्याची परीक्षा आहे तो मोकळा. तीन तास नुसतं बघत बसायचं. एक दिवस एकत्र राहिलेली आणि समागम झालेली मादी फिरून फिरून जोडीदाराकडे जाते आणि त्याला चिकटून बसून राहते. ऑक्सिटोसिनची वाट औषधाने अडवली तर तिची ही निवड नाहीशी होते. नरात व्हॅसोप्रेसिनचं काम अधिक. डोपामिन अडवलं तरी जोडी जमत नाही. मजेची गोष्ट म्हणजे 2023 च्या एका अभ्यासात ऑक्सिटोसिनचा संदेश पकडणारा पेशीवरचा रिसेप्टरच जन्मापासून नसलेले व्होल तयार केले, तर तेही जोड्या करून राहिले. म्हणजे इतकी महत्त्वाची गोष्ट निसर्गाने एकाच रसायनावर सोडलेली नाही. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून देतात ते ऑक्सिटोसिन आणि हे ऑक्सिटोसिन एकच. पण त्याचा फवारा नाकात मारून प्रेम निर्माण होत नाही. स्पर्श, सोबत, अडचणीत धावून येणं, हे वारंवार घडत गेलं की शरीर आपलं आपण ते काम करतं.

'ठरवून केलेल्या लग्नात प्रेम वाढत जातं' याला पुरावा म्हणून उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांचा जयपूरमधला 1982 चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. प्रेमविवाहात सुरुवातीला जास्त असलेलं प्रेम पाच वर्षांनंतर उतरलेलं दिसलं आणि ठरवून केलेल्या लग्नात चढलेलं. पण ती 50 जोडपी होती, आणि सुखी नसलेल्या जोडप्याला वेगळं होण्याचा मार्ग त्या काळात किती उघडा होता हेही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या लोकांचा 2012 चा एक छोटा अभ्यास आहे, त्यात दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेम आणि समाधान यांत फरक आढळला नाही. मला हे जास्त पटतं. लग्न कसं ठरलं यापेक्षा नंतर दोघं एकमेकांशी कसे वागले यावर बरंच काही ठरतं. आणि ओढही संपतेच असं नाही. लग्नाला सरासरी 21 वर्षं झालेल्या, अजून जोडीदाराच्या प्रेमात असल्याचं सांगणाऱ्या 17 जणांची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातही व्हीटीए तसाच कामाला लागलेला दिसला.

एक धोका मात्र स्पष्ट सांगते. सहवासाने जिव्हाळा बहुतेकांमध्ये येतो, कामेच्छा येईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. 'आम्ही उत्तम मित्र आहोत, भांडण नाही, पण बाकी काही नाही' असं सांगणारी जोडपी माझ्यासमोर बसतात आणि ते दुःख लहान नसतं. म्हणून नुसत्या चांगुलपणावर होकार देऊ नका.

आता ती गोळी. एस्सिटॅलोप्रॅम चांगलं औषध आहे, मी स्वतः ते लिहून देते. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या या गटातल्या (एसएसआरआय) औषधांनी कामेच्छा कमी होणं हा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि रुग्ण संकोचाने तो सांगत नाहीत. त्याहून कमी बोललं जातं ते भावना बोथट होण्याबद्दल. दुःख कमी होतं, भीती कमी होते, आणि सोबत आनंदाचीही धार जाते. केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी 2023 मध्ये नेमक्या याच औषधावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 66 निरोगी माणसांपैकी काहींना किमान तीन आठवडे एस्सिटॅलोप्रॅम दिलं, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. औषध घेणारे बक्षिसातून शिकण्याच्या चाचणीत बक्षिसाला कमी प्रतिसाद देत होते. वर सांगितलेली डोपामिनची व्यवस्था आठवा, म्हणजे मी काय म्हणतेय ते लक्षात येईल. शिवाय चिंतेची धडधडही औषधाने शमली आहे. कॉलेजमध्ये ज्या दोन गोष्टी मिळून तो थरार व्हायचा, त्या दोन्ही आज खाली असू शकतात, समोर कुणीही बसलेला असो.

हे तपासायला स्वतःला काही प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात आवडतं गाणं ऐकताना अंगावर काटा आला का? जेवणाची चव तशीच लागते का? दुसरा कुणी, ऑफिसातला असो की पडद्यावरचा नट, त्याला पाहून आत काही हललं का? इतरत्र सगळं जिवंत आहे आणि फक्त या मुलापाशीच शांत आहे, तर ती माहिती त्याच्याबद्दलची आहे. सगळीकडेच शांत असेल, तर त्याच्याबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. मनाचा आजार पुरता गेला नसेल तरी असं होतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या. पाळीच्या तक्रारीसाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू असतील तर त्याही डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्यास चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, चिंता उसळून येते, आणि त्या अवस्थेत कुणालाच नीट निर्णय घेता येत नाही. डोस कमी करणं, औषध बदलणं, हे पर्याय असतात, पण ते तुमच्या डॉक्टरांसोबत.

आणि एक शक्यता, तुम्हाला लागू असेलच असं नाही. काहींना कुणाबद्दलच अशी ओढ वाटत नाही, काहींना ती पुरुषांबद्दल वाटत नाही. यात आजार काही नाही. पण तसं असेल तर ते लग्नाआधी स्वतःशी मान्य करणं दोघांच्याही भल्याचं असतं.

पुढे काय करायचं? या मुलाला आणखी भेटा, पण वेगळ्या रीतीने. कॉफीच्या टेबलावर समोरासमोर बसू नका. सिंहगड पायी चढा. चढाने छातीचा भाता हलू दे, वर पिठलं-भाकरी खा, दमलेला तो कसा असतो, ताक विकणाऱ्या मावशींशी कसा बोलतो ते बघा. त्याच्या मित्रांमध्ये त्याला बघा. एखादी अशी गोष्ट सांगा, जी बायोडाटात नाही, आणि त्यालाही विचारा. औषधाबद्दल सांगायला यापेक्षा चांगली वेळ नाही, तो ते कसं ऐकतो यातून बरंच कळेल. मात्र दर भेटीत 'आता वाटतंय का, आता वाटतंय का' असं स्वतःला चाचपू नका. चिंतेचा स्वभाव हे हमखास करतो आणि अशा पहाऱ्यात कोणतीच भावना वर येत नाही. भेट झाली की रात्री दोनच गोष्टी लिहा. त्याच्यासोबत अंग सैल झालं होतं का, आणि दिवसभरात काही घडल्यावर हे त्याला सांगावं असं वाटलं का. ओळख वाढल्यावर, मनापासून वाटलं तरच, त्याचा हात हातात घेऊन बघा. नुसतं नवखं वाटलं तर ठीक. हात काढून घ्यावासा वाटला, आणि दर वेळी तसंच वाटलं, तर नकार द्या आणि कुणालाही कारणं देत बसू नका.

घरच्यांची घाई मी समजू शकते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, कार्यालयं मिळत नाहीत, मुलाकडच्यांनाही ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. त्यांना सांगा की नकार नाहीये, दोन-तीन महिने हवे आहेत, आणि हे मुलाला तुम्ही स्वतः सांगणार आहात. ही मुदत मनाला येईल ती नाही. डॉक्टरांनी डोस बदलला किंवा औषध बदललं तर फरक दिसायला कित्येक आठवडे जातात, आणि तोवर घेतलेला कोणताही निर्णय निम्मा गोळीचा असेल. म्हणून डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या.